पातेलं नसलेला फोटो

आमच्या सहलीच्या आचाऱ्याने बावीस देश पाहिलेत, असं त्याची लेक सासरी सांगते. ती खोटं बोलत नाही. बावीस देशांचे शिक्के त्याच्या पासपोर्टात आहेत. फक्त तिथे पाहिलं काय, हे त्याला कुणी विचारू नये.

मला या सहलीला नेलं ते मुलाने आणि सुनेने. "आई, आयुष्यभर रांधलंत. आता पंधरा दिवस स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नाही," असं सूनबाईंनी निघतानाच बजावलं. कंपनीच्या रंगीत कागदावर मोठ्या अक्षरांत होतं, 'ऐतिहासिक शहरं आणि तिथलं अस्सल खाणं.' खाली बारीक अक्षरांत, 'सोबत आपला आचारी.' मला अक्षर अक्षर जुळवून वाचावं लागतं, म्हणून मी बारीकही सोडत नाही. बाकीच्यांनी मोठी अक्षरं नातेवाइकांना वाचून दाखवली आणि बारीक अक्षरं वाचून नाव नोंदवलं.

रोजचा क्रम ठरलेला. सकाळी एक राजवाडा. दुपारी तिथल्या खाणावळीत अस्सल खाणं. ताटली समोर आली की पस्तीस जण उठून तिचे फोटो काढायचे. आमच्यात एक निवृत्त बँकवाले होते. ते पहिला घास घेऊन डोळे मिटायचे आणि "वा! याला म्हणतात खाणं!" म्हणायचे. दुसरा घास काही घ्यायचे नाहीत. बसमध्ये चढता चढता मात्र हळूच विचारायचे, "काय हो, रात्रीला भात आहे ना?"

भात असायचाच. आम्ही राजवाड्यात राजाचा पलंग बघत असू तेव्हा आचारी बसच्या मागच्या बाकावर भाजी निवडत असे. त्याचं तिकीट कंपनी काढत नसे. तीन वाजता बस त्याला हॉटेलच्या मागच्या दाराशी सोडायची. तिथे स्वयंपाकघराचा एक कोपरा सात वाजेपर्यंत त्याचा.

तेराव्या दिवशी माझ्या गुडघ्यांनी संप केला. राजवाड्याच्या पायऱ्या खालूनच मोजल्या आणि मी बसमध्ये बसून राहिले. खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता. राजे गेले, राण्या गेल्या, खुर्च्या उरल्या, आणि त्यांवर बसायला मनाई. आचाऱ्याने निम्म्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. सूनबाई आसपास नाहीत हे बघून मी त्या सोलायला घेतल्या.

"हे कुठलं शहर रे बाबा?" मी विचारलं.

"नाव नाही ध्यानात, मावशी. पण इथला गॅस फार भडकतो. मागच्या खेपेला भात लागला होता."

"आणि कालचं?"

"तिथलं पाणी जड. डाळ शिजता शिजत नाही."

असे त्याला बावीस देश पाठ होते. लग्नाच्या पंगतींवर त्याचा हात बसला, मग चौदा वर्षं एका वसतिगृहाच्या खाणावळीत काढली, तिथून या कंपनीत. बायको म्हणते, "विमानातून उतरा नाहीतर चंद्रावरून या, दारात कांद्याचाच वास घेऊन येता." हे सांगताना तो हसला. मग मोबाइल काढून मला फोटो दाखवायला लागला, तेव्हा हसू गेलं.

प्रत्येक फोटोत तो होता आणि त्याच्या पुढ्यात पातेलं. देश बदलत होता, पातेलं तेच. लेकीने हे फोटो सासूला दाखवले होते. सासूने चष्मा लावून सगळे पाहिले आणि म्हणाली, "अगं, हे तर सगळीकडे एकच स्वयंपाकघर दिसतंय. व्याही नक्की जातात ना परदेशात?"

लेकीने रडत फोन केला. "बाबा, एकच फोटो पाठवा. मागे काहीतरी जुनं, मोठं असू दे. आणि पातेलं नको."

"आता ही शेवटची फेरी, मावशी," तो म्हणाला. "पाठ गेली. डॉक्टरांनी मोठी भांडी उचलायला बंदी केलीय."

"मग उतर खाली. दारात उभा राहा, मी काढते फोटो."

"दारातला नको. आत जाऊन आलो असं तिला खरं सांगता आलं पाहिजे."

पुढे एकच राजवाडा उरला होता, शेवटच्या दिवशीचा. आणि तो नेमका दुपारनंतर, ऐन स्वयंपाकाच्या वेळी.

त्या दिवशी मी आमच्या सहलप्रमुखाला गाठलं. तिशीचा मुलगा, गळ्यात शिट्टी. ती इतकी वाजवायचा की त्याचं नावच शिट्टी पडलं होतं.

"माझं तिकीट वाया जाणार," मी म्हटलं. "आचाऱ्याला ने."

"आणि जेवण, आजी? पस्तीस माणसं आहेत!"

"मी करते."

"तुम्ही?" त्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कंपनीला कळलं तर माझी नोकरी जाईल."

"कळेल कसं? तू सांगणार का मी?"

"लोकांना चव वेगळी लागली तर?"

"या लोकांना? अरे, दुपारी न जेवता ढेकर देणारी माणसं ही."

त्याने दोन मिनिटं विचार केला, म्हणजे दोनदा शिट्टी वाजवली. मग तयार झाला. सूनबाईंना सांगितलं, आजी हॉटेलात आडव्या होणार आहेत. त्यांनी मला गोळी दिली आणि पाय उशीवर ठेवायला सांगितले.

मागच्या दाराने मी आत गेले. आचाऱ्याने सकाळीच सगळं चिरून, मोजून ठेवलं होतं. जड भांडी हॉटेलच्या माणसांनी उचलून दिली. तिथला उंच टोपीवाला स्वयंपाकी आधी माझ्याकडे संशयाने बघत होता. मी तेलात एक दाणा टाकून ते तापलं का बघितलं, तेव्हा त्याने मान डोलावली आणि आपल्या कामाला लागला. त्या पंधरा दिवसांत माझ्याशी कुणी इतकं नीट बोललं नव्हतं. इथलाही गॅस भडकत होता. मी तो बारीक करून भात झाकला. गुडघे तीन तास दुखले नाहीत, याचं कारण मी अजून डॉक्टरांना विचारलेलं नाही.

सातला मंडळी आली. संध्याकाळ झाली तरी तिकडे बाहेर लख्ख ऊन होतं. मी तोंड धुऊन, उशीवरून उठल्यासारखी येऊन बसले. मुलाने भाजी दोनदा घेतली. बँकवाल्यांनी डोळे न मिटताच तीनदा भात घेतला. सूनबाईंनी पहिला घास खाल्ला आणि माझ्याकडे वळल्या.

"बघा आई, मीठ असं प्रमाणात असावं. तुमच्या हातून जरा जास्तच पडतं."

"हो गं," मी म्हटलं. "शिकायला हवं." दारात उभा असलेला शिट्टी खोकत बाहेर निघून गेला.

सगळे उठल्यावर मी स्वयंपाकघरात डोकावले. आचारी पातेली घासत होता. चेहरा असा, की घासायला कुणी बक्षीस म्हणून दिली असावीत.

"फोटो बघू," मी म्हटलं.

त्याने ओले हात पुसले आणि मोबाइल पुढे केला. मी बघतच राहिले. काळी दगडी भिंत, बैल उभा राहील एवढी चूल, तिच्यात कमरेइतक्या उंचीचं तांब्याचं पातेलं. आचारी त्याच्या काठावर हात ठेवून ताठ उभा.

"अरे मेल्या! पातेलं नको म्हणाली होती ना पोर?"

"मावशी, तीनशे वर्षांचं आहे हे! शिट्टीने विचारून सांगितलं. एका वेळी दोनशे माणसांचं. आणि हे बघा," त्याने बोटाने फोटो मोठा केला, "बूड एका बाजूने काळं पडलंय. त्या आचाऱ्याची आचसुद्धा भडकत असणार."

"आणि राजवाडा?"

"होता ना. वरच्या मजल्यावर." तो जरा ओशाळला. "सगळे वर गेले. मी म्हटलं थोडं थांबतो. थांबता थांबता वेळ संपली."

दोन तास आत होता आणि दोन्ही तास स्वयंपाकघरात. मला हसू आवरेना. तो मात्र काळजीत पडला. "पाठवू का नको? दुसरा तर नाहीये."

"पाठव," मी म्हटलं. "आत गेला होतास ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मंडळी एकमेकांना अस्सल खाण्याचे फोटो दाखवत होती. आचारी माझ्या खुर्चीपाशी आला आणि खाली वाकून मोबाइल वाचायला लागला. लेकीचा निरोप होता.

"बाबा, सासूबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. म्हणाल्या, हे स्वयंपाकघर मात्र वेगळं आहे हो."

त्याने तो मला तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा शेवटचा 'हो' जरा लांबवला.