लंकामावशींनी बदललेली तारीख

लंकामावशी आमच्या मिशनच्या शाळेत खिचडी शिजवतात. खर्ड्याच्या अलीकडची ही पहिली ते चौथीची शाळा. मी चौथीचा मास्तर, आप्पासाहेब. तापट आहे म्हणतात, ते खरंच आहे. पण त्या दिवशी मावशींनी माझी बोलती बंद केली, हे आधीच कबूल करतो.

जूनमध्ये सिस्टर फिलोमिना नव्या मुख्याध्यापिका म्हणून आल्या. प्रार्थना झाल्यावर आम्हाला चर्चच्या हॉलमध्ये बसवून म्हणाल्या, "शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा करायचाय. चौथीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचता आलं पाहिजे." भिंतीवर मोठा कागद चिकटवला. मी लिहिलं, डिजिटल फळा. रेश्माबाईंनी लिहिलं, इंग्रजीचा जादा तास. मग मी ठसक्यात खाली जोडलं: पालकांना कदर नाही, चौदा नोव्हेंबरच्या पालकसभेला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या.

मावशी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो कागद रेश्माबाईंकडून वाचून घेतला आणि किटली खाली ठेवून माझ्याकडे वळल्या.

"गुरुजी, चौदा नोव्हेंबरला पालक येनार कुठनं? दसरा झाला की टोळ्या ऊस तोडाया गेलेल्या असत्यात. तुमी काय खुर्च्यांची सभा घेता व्हय?"

सिस्टर खळखळून हसल्या. मी लालबुंद! अहो, अठरा वर्षं मी त्या रिकाम्या खुर्च्यांवर चिडत होतो आणि तारीख बदलायचं एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. नवरा-बायको ऊसतोडीला जातात, पोरं सोबत नेतात. एकतीसच्या वर्गात तेरा उरतात. बाकीची उन्हाळ्याच्या तोंडाला परततात ती अक्षरं विसरूनच. वाचणार काय, कपाळ?

"मग सभा कधी घ्यायची, मावशी?" सिस्टरांनी विचारलं.

"पोळ्याच्या आधी. एकदा टोळीच्या मुकादमाकडनं पैसं घेऊन शब्द दिला की कोन ऐकतंय तुमचं?"

तशी सभा पोळ्याआधी घेतली आणि हॉल गच्च भरला. पोरं आजी-आजोबांकडे ठेवा, संध्याकाळचं जेवण आणि अभ्यास शाळेत होईल, असं सिस्टरांनी सांगितलं. लोक माना डोलवत होते, तोच मावशींचा मुलगा गोरक्ष उठला. त्याची मुलगी संस्कृती तिसरीत.

"समदं खरं. पर धाकट्याला उसाच्या फडात कोन सांभाळनार? दोन वर्साचं हाय त्ये. संस्कृतीला न्यावंच लागंल."

"त्यालाबी ठिवून जा. मी हितंच असते," मावशी म्हणाल्या.

"ही शाळा आहे की पाळणाघर?" मी ओरडलो. पण सिस्टरांनी तिथल्या तिथे आराखड्यात लिहून टाकलं, धाकटी भावंडंही येतील.

गोरक्ष आईकडेच बघत होता. "आये, मला तर तू नेलंस की."



"व्हय, नेलं. सात वर्साचा हुतास. धाकट्या भनीला, पंकजाला बघाया तुला नेलं. चुकलं माझं. म्हनून तर चार लोकांत बोलतीय."

तो हॉलमधून निघून गेला. पुढचे दोन महिने मायलेकांत धड बोलणं नव्हतं. एकदा तांदूळ निवडताना मावशी म्हणाल्या, "नेली त्यानं तर मी काय करू, गुरुजी? बाप हाय त्यो तिचा." माझा जीव तुटला. मीही मूठभर तांदूळ पुढ्यात ओढून निवडायला बसलो.

दसऱ्यानंतर एका सकाळी टोळीचा ट्रॅक्टर शाळेच्या फाटकाशी थांबला. ट्रॉलीत भांडीकुंडी, माणसं आणि कडेला बसलेली संस्कृती. नेतोयच तर तिला, मला वाटलं. मावशी तर चुलीपासून हलल्याच नाहीत.

गोरक्ष उतरला. त्याने आधी संस्कृतीला खाली घेतलं, मग धाकट्याला, आणि दोघांना आत घेऊन आला. गावात मागे राहणाऱ्या मुलांच्या वहीत पालकाची सही लागते, म्हणून मी वही पुढे केली. पेन हातात धरून तो नुसता उभा राहिला. मी अंगठ्यासाठी शाईची डबी शोधायला लागलो, तेवढ्यात त्याने पेन लेकीच्या हातात दिला.

"माझं नाव लिही."

तिने सावकाश लिहिलं, गोरक्ष सहादेव. त्याने त्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं. मग चुलीपाशी गेला आणि धाकट्याला आईच्या कडेवर दिलं.

"आये, ह्याला दूध लई गरम देऊ नगंस," तो म्हणाला आणि ट्रॉलीत जाऊन बसला.