येणारा पंखा, जाणारा पंखा

आमच्या डोकुम गावाच्या जुन्या तटबंदीवरची पवनचक्की दोनदा जळली आणि दोन्ही वेळा गावानं ती पुन्हा उभी केली. पीठ काय, कुठूनही आणता आलं असतं. पण गावात लग्न आहे की मयत, हे आम्हाला चक्कीच सांगते. खालचा पंखा तळाला पोचायच्या जरा आधी थांबवला की आनंद, कुणीतरी येतंय. तळ ओलांडून थांबवला की दुःख, कुणीतरी गेलं.

सिब्रन तिचा चक्कीवाला. कामाला वाघ, पण रुसण्यात लहान पोरांच्या वरताण. उबेले बेकरीवाल्यानं कारखान्याचं पीठ घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून सिब्रननं त्याच्याशी बोलणंच टाकलं. मग उबेले अचानक गेला. अंत्ययात्रा पूल ओलांडून तटाखालून निघाली आणि वर पंखे आनंदात उभे!

उबेलेच्या बायकोनं, बाउक्येनं, मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. शरमेनं आम्हालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आदल्या दिवशी लग्न होतं, पंखे हलवायचे राहिले असतील, असं आम्ही एकमेकांना समजावलं. सिब्रनला पळवाट आयतीच मिळाली होती. पण पुढच्या आठवड्यात मी पाव घ्यायला गेले, तर हा बेकरीच्या दारात टोपी चुरगाळत उभा.

"चूक झाली असेल रे," बाउक्येच म्हणाली. "होतं असं."

"आधी चूकच होती. विसरलो होतो." सिब्रनचे कान लालबुंद झाले होते. "पण तुम्ही सगळे पुलावर दिसलात तेव्हा ध्यानात आलं. ब्रेक सोडायचा दोर हाताशी होता, जरासा ओढला असता तरी पुरे होतं. नाही ओढला. म्हटलं, बघू दे उबेलेला."

बाउक्ये आत निघून गेली. मला पाव कुणी दिलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून पंखे दुःखात उभे. वारा चांगला, तरी दळण बंद. जो तो विचारतोय, कोण गेलं? शेवटी बाउक्येच तट चढून गेली. मी खाली होते, पण तिचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू आला.

"काय नाटक लावलंयस? लोक मला विचारतायत, आता आणखी कोण गेलं म्हणून!"

"सांग त्यांना, सिब्रनची अब्रू गेली."

"ती त्याच दिवशी गेली. तेव्हा उबेलेचं सुतक पाळलं नाहीस, आणि आज स्वतःचं पाळतोस?"

सिब्रननं दोर ओढला. पंखे फिरू लागले. ती उतरून घरी जाईपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.