आतली कड

अकोल्यात सरकी काढायच्या जिनात नत्थुजी सुताराएवढा भला माणूस नव्हता. भला म्हणायचं कारण एवढंच, की त्यानं जन्मात कुणाची गोष्ट खोडली नाही. मालक म्हणाले आंबा, तर आंबा. मुनीम म्हणाला चिंच, तर चिंच. रंधासुद्धा तो लाकडाच्या रेषा बघून, लाकडाच्या कलानंच चालवी. त्याची गोष्ट खोडणारी एकटी त्याची बायको मनकर्णा, आणि ती अडाणी आहे असं त्याचं ठाम मत होतं.

मालक खुशालरावांनी मुंबईहून विजेचं एक यंत्र आणलं. दोन्ही हातांनी धरून लाकडाच्या कडेवरून सरकवायचं. पोटातलं पातं गरगर फिरून कडेवर नक्षी कोरणार. अमरावतीहून कमिशनरसाहेब यायचे होते, त्यांना तोंड बघायला सागवानी चौकटीचा आरसा हवा होता. चौकट एकच, चिखलदऱ्याकडच्या जुन्या सागाची.

"बिघडली तर यंत्र दुसऱ्याच्या हाती," खुशालरावांनी बजावलं.

नत्थुजीनं आधी टाकाऊ फळीवर हात बसवायला घेतला. पातं ओढी तिकडंच तो स्वभावाप्रमाणे गेला, आणि यंत्र उधळून फळीचे लचके तोडत सुटलं. भाकर घेऊन आलेली मनकर्णा बघत होती.

"बकरी वढते तिकडंच काहून पयता? उलटं रेटा ना."

"तुले काय समजते?" तो खेकसला. ती घरी गेल्यावर त्यानं गुपचूप उलटं रेटून पाहिलं. यंत्र मुकाट्यानं चालू लागलं.

दुसऱ्या दिवशी खुशालराव यंत्र दाखवायला घरच्या पाहुण्यांना घेऊन आले. त्यांच्यादेखत चौकटीची बाहेरची कड सुरेख उतरली. मंडळी खूश होऊन चहाला गेली. मग नत्थुजीनं यंत्र चौकटीच्या आत घातलं आणि बाहेरून नेलं होतं त्याच दिशेच्या फेऱ्यानं नेलं. यंत्रानं अशी उसळी घेतली की वेळेवर बटण दाबलं म्हणून चौकट वाचली. नत्थुजीनं यंत्र खाली ठेवलं. दारात भाकर घेऊन मनकर्णा उभी होती.

"मनकर्णे, आता कसं करू वं?" जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला काही विचारलं. "साधलं तं मालकाले सांगतो, हे सारी तुयी अक्कल हाये."

तिनं चौकटीभोवती हवेत बोट फिरवून पाहिलं. "बाहेरून फिरतानी लाकूड तुमच्या डाव्या हाताले होतं. आतूनबी डाव्याच हाताले ठेवा. फेरा आपोआप उलटा होईन."

तसं केलं आणि साधलं. मनकर्णा एरवी भाकर ठेवून निघून जाई. आज पदर नीट करून थांबली. तिला फार आनंद झाला होता.

चहाहून पाहुण्यांसह परतून खुशालरावांनी आतल्या कडेवरून बोट फिरवलं. "वा, नत्थुजी! असं डोकं साऱ्या वऱ्हाडात नाही. तुझंच ना हे डोकं?"

नत्थुजीनं तोंड उघडलं. मनकर्णाकडं पाहिलं, मालकांकडं पाहिलं. पाहुणे माना डोलावत होते.

"आपली किरपा, मालक," तो म्हणाला.

संध्याकाळी ताट समोर सरकवून ती चुलीकडं वळली.

"बोलत काहून नाई?"

"मालकाले इचारा," मनकर्णा म्हणाली, "थे म्हनतीन तेच खरं."