उजव्या हाताची अक्षरं

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि मानेजवळच्या एका पांढुरक्या जागेवर पेनाचं टोक टेकवलं.

"ब्रॅकियल प्लेक्सस अव्हल्शन," ते म्हणाले.

मानेच्या मणक्यातून हाताकडे जाणाऱ्या नसांचा एक जुडगा असतो. त्याला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. अव्हल्शन म्हणजे त्या नसा मुळापासून उपटून निघणं. हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त डॉक्टरांचा चेहरा समजला.

माझे पती प्रल्हाद यांचं पाथरीत शेतातल्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. त्यांचा जन्म तारांमध्ये गेलेला. ते म्हणाले, "सायेब, तुटलेली तार जोडता येती की."

"मधेच तुटली असती तर जोडून पाहिली असती. ही बोर्डातूनच उपटून निघालीय. जोडायची कुठं?"

प्रल्हाद खाली बसले. त्यांना माझ्याआधी कळलं.

मी एवढंच विचारलं, "आणि टायपिंग?"

"डावा हात चांगला आहे तुमचा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते धीर द्यायला म्हटलं होतं. मला त्या वेळी ते फार वाईट लागलं.

मी एका खासगी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. एकोणीस वर्षं दाखले, अहवाल, पत्रं टाईप केली. मराठीत मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग होता. घरात शिकलेली मी पहिलीच. वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, आई खुरपायला जायची. माझी नोकरी ही आमच्या घरातली पहिली खुर्ची होती.

या निदानाच्या तीन महिने आधी आम्ही मोटारसायकलवर माझ्या आईकडे वालूरला निघालो होतो. दिवस मावळायला आला होता. उसातून रानडुक्कर निघालं आणि थेट चाकाखाली आलं. प्रल्हादांचा गुडघा सोलला. मी उजव्या खांद्यावर पडले. परभणीत गळ्याजवळच्या हाडावर उपचार झाले. हात हलत नव्हता. सूज उतरली की हलेल, असं सगळे म्हणायचे. सूज उतरली. हात शर्टाची बाही लोंबावी तसा लोंबत राहिला.

मग ईएमजी झाली. स्नायूत बारीक सुई घालून नसेतून काही संदेश येतो का ते बघतात. मशीनच्या पडद्यावर रेघ सरळच राहिली. बाहेरच्या बाकावर रिपोर्टसाठी आम्ही चार तास बसलो.

मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. बरगड्यांमधल्या नसा काढून दंडाच्या स्नायूला जोडल्या. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "वर्ष-दीड वर्षात कोपर थोडं वाकेल. बोटांची आशा ठेवू नका."

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना दुखण्याबद्दल सांगून ठेवते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. हाताला स्पर्श कळत नाही, पण आतून आग होते. कुणी तळवा चुलीत धरल्यासारखी. हे मनाचे खेळ नाहीत. याला न्यूरोपॅथिक पेन म्हणतात, म्हणजे नसेच्या इजेतून होणारी वेदना. त्याची वेगळी औषधं असतात. सहन करत बसू नका, डॉक्टरांना सांगा.

आई वालूरहून येऊन राहिली. माझी वेणी घालता घालता विचारायची, "लय आग व्हायलीय का गं?" मी न्हाई म्हणायची. तिला कळायचं.

प्रल्हादांनी मोटारसायकल भावाला देऊन टाकली. दवाखान्याला एसटीनं न्यायचे, माझं ताट वाढायचे, भाकरी कुस्करून द्यायचे. पण माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. अपघाताचा विषय निघाला की उठून जायचे.

ऑपरेशननंतरच्या तपासणीला ऑक्युपेशनल थेरपिस्ट भेटल्या. फिजिओथेरपीत स्नायूंकडे बघतात, या रोजची कामं परत कशी करायची ते शिकवतात. त्यांनी काम विचारलं. मी सांगितलं आणि रडले. त्यांनी रडू दिलं. मग लॅपटॉप पुढं ओढून कीबोर्डच्या उजव्या अर्ध्यावर पुठ्ठा ठेवला.

"हा अर्धा आता नाही असं समजा. अंगठ्यानं स्पेस दाबून धरा, की उजवीकडची अक्षरं डावीकडं येतात. आरशात दिसतात तशी. जे उजव्या तर्जनीचं होतं ते डाव्या तर्जनीखाली."

त्यासाठी एक छोटा प्रोग्राम असतो. तो त्यांनी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर कसा घालायचा ते प्रल्हादांना दाखवून दिलं.

मराठीच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर डाव्या हाताला बहुतेक काना, मात्रा, वेलांट्या असतात. म, न, व ही थोडी व्यंजनं. बाकीची जवळजवळ सगळी उजवीकडे. एकोणीस वर्षं मी हे कधी मोजलं नव्हतं. आता कळलं, माझ्याजवळ मात्रा उरल्या होत्या आणि ज्यांना त्या लावायच्या ती अक्षरं गेली होती.

पहिल्या दिवशी आई शेजारी बसली होती. तिला वाचता येत नाही. "माजं नाव निघतंय का त्यात?" तिनं विचारलं.

तिचं नाव यमुना. त्यातला फक्त य उजव्या हाताचा. मी अंगठा दाबून करंगळी टेकवली. य उमटला. उरलेलं नाव आपसूक आलं. आईनं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हे मी हाय?"

"हो, आई."

पण पुढचे दोन महिने वाईट गेले. अंगठा एक क्षण आधी सुटला की क च्या जागी पाय मोडायची खूण यायची, त च्या जागी नुसती मात्रा. ओळीत भलत्याच ठिकाणी मोकळ्या जागा पडायच्या. र टाईप करताना मेलेलं उजवं बोट हलल्यासारखं वाटायचं, आणि बघावं तर ते मांडीवर तसंच पडलेलं. मिनिटाला तीन शब्द. दोनदा मी कीबोर्ड कपाटात टाकला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आईनं काढून टेबलावर ठेवला.

शाळेत परत रुजू होण्यासाठी अपघाताची लेखी हकिकत जोडायची होती. डाव्या हातानं मला जेमतेम सहीपुरतं जमायचं म्हणून प्रल्हादांनी ती लिहिली आणि सहीसाठी पुढं ठेवली. चारच ओळी होत्या. तिसरी ओळ अशी: "माझ्या पतीच्या निष्काळजीपणामुळे माझा हात गेला."

मी सही केली नाही. ते दुकानात गेल्यावर टायपिंगला बसले.

त्यांचं नाव टाईप करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्रल्हाद. प ला अंगठा दाबा, पाय मोडायला सोडा, र ला पुन्हा दाबा. दोन जोडाक्षरं एकाच नावात. सात वेळा चुकलं. आठव्यांदा बरोबर आलं. अर्धं पान व्हायला सकाळची दुपार झाली.

ते जेवायला आले तेव्हा मी प्रिंट त्यांच्या हातात दिली. उभ्यानंच वाचू लागले. "गाडी माझे पती प्रल्हाद सावकाश चालवत होते. उसातून रानडुक्कर अचानक आडवे आले. चूक कोणाचीही नाही."

"हे तू मला बरं वाटावं म्हणून लिवलंस," ते म्हणाले.

"मी मागं बसले होते. मी बघितलंय. तुमी ब्रेक मारला होता."

"मी अजून हळू चालवायला पायजे होती."

"अहो, मला हे लिहायला पाच तास लागलेत. पाच तास कुणी खोटं लिहितं का?"

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग अपघातानंतर पहिल्यांदाच माझा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. मला स्पर्श कळला नाही. पण ते रडत होते ते दिसलं, आणि मी त्यांना रडू दिलं.

आज माझा वेग मिनिटाला अठरा शब्द आहे. चाळीस होणार नाही. कोपर थोडं वाकतं. आग कमी झाली, गेलेली नाही. मुख्याध्यापकांनी माझं टेबल तेच ठेवलं, त्यांची मी ऋणी आहे. थेरपिस्ट बाईंची आहे, आईची तर आहेच.

हे वाचणाऱ्या कुणाला नुकतंच असं निदान झालं असेल, तर मी उगीच सगळं ठीक होईल म्हणणार नाही. जे गेलं त्याचं दुःख करा, त्याला वेळ लागतो. आणि तुमच्यासोबत त्या दिवशी जो कोणी होता, त्याच्याशी लवकर बोला. आम्ही आठ महिने लावले.