सुट्टी मंजूर

माझ्या बायकोला माझ्याबद्दल सगळं माहीत आहे — निदान ती तसं म्हणते. पण ही गोष्ट तिलाही माहीत नाही. आईला शेवटपर्यंत कळली नाही. आणि बाबांशी, ज्यांच्याशी बोलायला हवं होतं, त्यांच्याशी तर मी अवाक्षरही बोललो नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही बाबांना ओळखत नव्हता, म्हणून असेल. ओळखत असतात, तर माझी हिंमत झाली नसती.

आधी बाबांविषयी सांगतो. ते सोपं आहे, आणि मजेचंही.

एकाहत्तरच्या लढाईत बाबांचा डावा पाय घोट्याच्या वरून गेला. सैन्यातून ते नाईक म्हणून बाहेर पडले आणि बँकेत कारकून झाले. पण सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या गल्लीने त्यांना परस्पर बढती देऊन सुभेदार करून टाकलं होतं. लाकडी पायाचं त्यांना दुःख होतं का? असेलही. आम्हाला मात्र त्याची चैनच दिसली. घरी नवा पाहुणा आला, की गप्पा मारता मारता ते हातोडी घ्यायचे आणि मोज्यावरून पायात खिळा ठोकायचे. पाहुण्याच्या हातून चहाचा कप सुटायचा आणि आई आतून ओरडायची, "अहो, सेट मोडला माझा." चपलांच्या दुकानात एकाच चपलेचा भाव विचारायचे. "दुसरी मी घालू का?" असं एकदा दुकानदाराने विचारलं. बाबा म्हणाले, "बसत असेल तर घाला की."

स्कूटरवर त्यांचा भारी जीव. गिअर हाताने, ब्रेक उजव्या पायाने, डाव्या पायाला कामच नाही — स्कूटर बनवणाऱ्याला मी येणार हे ठाऊक होतं, असं म्हणायचे. फक्त किक मारायला मी लागायचो. मग आई मागे, मी पुढे उभा, आणि खडकवासल्याला भजी खायला स्वारी निघायची. भज्यांसाठी त्यांनी उरलेला पायही दिला असता.

असा बाप असल्यावर मुलाने काय करावं? मिरवावं. मी पण मिरवायचो — सातवीपर्यंत.

सातवीत शाळेने त्यांना सव्वीस जानेवारीला बोलावलं, मुलांना लढाईतला पराक्रम सांगा म्हणून. बाबांनी जे घडलं ते सांगितलं. पलटणीला कोंबडीचा रस्सा खायचा होता. बाबा कोंबडीमागे धावले आणि पाय सुरुंगावर पडला. "कोंबडी सुखरूप आहे," असं म्हणून त्यांनी सलाम ठोकला आणि खाली बसले. अख्खं पटांगण लोटपोट झालं. हेडमास्तर रुमालाने डोळे पुसत होते. मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावर कोंबड्या ओरडू लागल्या. वर्षभर ओरडत राहिल्या. मला वाटे, बाबांनी एखादा रणगाडा उडवला असता तर? निदान उडवला असं सांगितलं असतं तर? त्यांना खोटं बोलायला काय झालं होतं — खिळे तर खुशाल ठोकत होते. हे सगळं मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाहीये. म्हणजे, आत्तापर्यंत तरी तेच करत होतो. आता नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. मुलांनीच त्यांना मागितलं होतं. बाबा असे खूश, की विचारू नका. आईवर नव्या विनोदांची तालीम चालली. कोटाची पितळी बटणं त्यांनी चिंचेने घासली, वाटी घेऊन अंगणात बसून. मी शेजारीच होतो. एक बटण मीही घासलं.

आणि मी शाळेत जाऊन सांगितलं की बाबांना ताप आहे. सव्वीस जानेवारीच्या सकाळी बाबा कोट घालून, छातीवर पदकं लावून आरशासमोर भांग पाडत होते, तेव्हा त्यांना सांगितलं की हेडमास्तर आजारी आहेत, कार्यक्रम रद्द झाला.

हेच ते. मी त्यांना शाळेत जाऊ दिलं नाही. मला त्यांची लाज वाटली होती.

बाबांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. भांग पुरा केला. मग म्हणाले, "बटणं घासलीत, ती कोणाला तरी दाखवायला पाहिजेत. चल, किक मार."

रस्त्यावर येतो तोच शाळेचा कर्णा ऐकू आला. हेडमास्तरांचा आवाज, ठणठणीत. पुढच्याच क्षणी बाबा पलटणीतलं एक गाणं गाऊ लागले — इतक्या जोरात, की सायकलवाले वळून बघायला लागले. शाळा मागे पडेपर्यंत ते थांबले नाहीत. मिठाईवाल्याने विचारलं, "सुभेदार, आज शाळेत नाही का?" बाबा म्हणाले, "मुलाने सुट्टी मंजूर केलीय." आणि त्यांनी गरम जिलेबी मागवली. एक वेढा त्यांनी मोडला, बाकीची ताटली माझ्यापुढे सरकवली.

नंतर एकदा हेडमास्तर मंडईत भेटले. "आता ताप कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"उतरला. तुम्ही कसे आहात?"

"मला काय झालंय?"

"या वयात काहीतरी असतंच," असं म्हणून बाबा वांगी निवडायला लागले. मी पिशवी धरून उभा होतो. बोलायला तेव्हा तोंड नव्हतं का मला?

त्यानंतरही शाळांची बोलावणी येत राहिली. "सुट्टीवर आहे," असं सांगून बाबांनी ती सगळी परतवली. पोरांसमोर बोलणं त्यांना सर्वांत प्रिय होतं, आणि ते पुन्हा कधीही बोलले नाहीत. पण दर सव्वीस जानेवारीला ते कोट घालून दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "सुट्टी मंजूर?" मी "मंजूर" म्हणायचो. मग बायको आली, तीही म्हणू लागली. मुलगी बोबडं बोलायची तेव्हापासून म्हणते. मग सगळे जिलेबी खायला, वाटेत पलटणीचं गाणं. आमच्या घरात दिवाळीपेक्षा हा दिवस मोठा. बाबा मला चिडवत होते की सांभाळून घेत होते? मी कधीच विचारलं नाही.

बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. यंदा मुलीने त्यांचा कोट चढवला, बाह्या दुमडल्या आणि दारात उभी राहिली. "सुट्टी मंजूर?" "मंजूर!" आम्ही ओरडलो. गाडीत गाणं झालं, तेही बेसूर, बाबांसारखंच. दुकानाबाहेर ताटली हातात घेऊन ती म्हणाली, "बाबा, आपलं हे जिलेबीचं नक्की स्टार्ट कसं झालं?"

मी म्हणालो, "आजोबांना जिलेबी फार आवडायची ना."

त्यांना गोड आवडत नव्हतं. जिलेबी मला आवडायची.