बैठ्या शाळेतला जिना

घंटामावशी मुळात शाळेची झाडूवाली. पण घंटाही तीच वाजवायची, म्हणून हे नाव पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपटाला ठाऊक, बाकी कुणाला नाही. सव्वीस वर्षं तिने ती बैठी शाळा झाडली. कुठली फरशी हलते, कुठल्या खिडकीत बोळा कोंबावा लागतो, सगळं तिला तोंडपाठ. अक्षर मात्र एक येईना. "जन्म शाळेत गेला, पण शाळा काही अंगी लागली नाही," असं तीच हसत सांगायची.

मग लढाई पेटली. मुलं घरी गेली नि वर्गांत धरून आणलेले कैदी आले. मावशी राहायची शाळेच्याच मागच्या खोलीत, तेव्हा ती झाडत राहिली. कैद्यांना ती वर्गावरून ओळखायची. हा दुसरीतला, तो सहावीतला. चौथीत होता सरहद्दीपलीकडचा एक शिंपी, चाळिशीचा, गरीब चेहऱ्याचा. एका सकाळी ती झाडायला गेली, तर त्याचा उजवा हात सुजून भोपळा झालेला. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. त्याने डाव्या हाताने हवेत सुई ओवून दाखवली, उजव्या हाताकडे बघितलं नि मान हलवली. एवढं कळायला काही शाळा शिकावी लागत नाही.

मावशी तडक कचेरीत. तिथला कारकून याच शाळेतून निघालेला, सातवीत दोनदा बसलेला.

"अरे, चौथीतल्याला डॉक्टर बोलाव. हात जाईल त्याचा."

"डॉक्टर आला की विचारणार, मोडला कसा. आधी या कागदावर अंगठा द्या, मावशी. साक्षीदार म्हणून."

"काय खरडलंयस त्यात?"

"कैदी जिन्यावरून पडला."

"कुठल्या?"

कारकुनाने मान खाली घातली. "तसंच लिहायची पद्धत आहे. वरून नमुना येतो."

"असे किती पडले?"

"अकरा. हा बारावा."

"मेल्या, आठ वर्षं काढलीस इथे. जिना चढलास कधी?"

आवाज ऐकून कैद्यांवर नेमलेले साहेब बाहेर आले. "बाई, लढाई आहे ही. सरळ विचारून हे लोक बोलत नाहीत."

"मारल्यावर बोलतात, साहेब, पण काय बोलतात? आमच्या गुरुजींची छत्री हरवली, तेव्हा छडीखाली तिघांनी कबूल केलं, मीच चोरली म्हणून. छत्री एक, चोर तीन! निघाली कुठे, तर गुरुजींच्या सासुरवाडीत."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. "सोमवारी वरिष्ठ तपासणीला येताहेत. तोवर अंगठा नाही दिलात, तर खोली रिकामी करा."

मावशीने अंगठा काही दिला नाही. जिन्याची गोष्ट मात्र साहेबांच्या डोक्यात बसली. शनिवारी गवंडी आला. रविवारी दिवेलागणीला व्हरांड्याच्या टोकाशी सात पायऱ्या उभ्या, आणि सातवी थेट भिंतीत घुसलेली.

"मावशी, वर काय आहे हो?" गवंड्याने विचारलं.

"कौलं," मावशी म्हणाली.

सोमवारी वरिष्ठ आले. चष्मा जाड, नजर बारीक. कागद चाळत जिन्यापाशी थबकले. "हा कुठे जातो?"

"काम चालू आहे, सर," साहेब म्हणाले.

मावशी झाडू धरून तिथेच उभी. गप्प राहिली, तर खोली कदाचित टिकेल. बोलली, तर या वयात भावजयीचं दार, नि भावजय म्हणजे मिरचीचं लोणचं. चौथीच्या खिडकीत शिंपी हात छातीशी धरून बसला होता. पाच दिवस झाले होते.

"टेकू नका, साहेब, सिमेंट ओलं आहे," ती वरिष्ठांना म्हणाली. "कालच झालाय हा. यावरून बारा जण पडलेत, तेही तो बांधायच्या आधी. बारावा चौथीत आहे, बघता का?"

वरिष्ठ हसले नाहीत. चौथीत गेले. तासाभरात डॉक्टर आला. हात वाचला, जरा वाकडा बसला, पण सुई धरेल म्हणाला डॉक्टर. साहेबांची बदली झाली. कारकून म्हणतो, बढतीवर. मावशीची खोली मात्र गेली ती गेलीच.

बोचकं घेऊन ती भावजयीकडे पोचली. दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला, "तुम्हाला गप्प बसता येत नाही ना, वन्सं?"

"येतं की. पण त्यांनी विचारलं," मावशी म्हणाली. "आता दार उघडतेस, की इथूनच भांडू या?"