जावयाचे सहा लाख

नऊ मार्च, सोमवार, सकाळी साडेदहा. रक्कम सहा लाख रुपये. हजर : माझी बायको, म्हणजे गावातल्या एकतीस बायकांनी मिळून काढलेल्या सीताफळाच्या कंपनीची अध्यक्ष, माझी काकू, त्याच कंपनीची दुसरी संचालक, काकूचा जावई, म्हणजे पैसे गुंतवणारा, त्याच्याबरोबर लॅपटॉप घेऊन आलेली एक मुलगी, आणि हिशेबनीस म्हणून मी. मी शाळेत लिपिक आहे. कंपनीचं काम बिनपगारी करतो, पण अध्यक्षांच्याच घरात राहत असल्यामुळे राजीनामा देता येत नाही.

आमचं गाव नेकनूरपासून जवळ. बांधाबांधाला सीताफळ आहे. सीताफळाची अडचण अशी, की संध्याकाळी दगडासारखं असलेलं फळ सकाळी डोळे उघडून बसतं, आणि दुपारपर्यंत बीडच्या बाजारात पोचलं नाही तर त्याला कुणी विचारत नाही. गेल्या हंगामात बायकांनी चमच्याने बिया काढून गर विकून पाहिला. एका बाईचा दिवसाला चार किलो गर निघायचा. मी स्वतः वजन केलं आहे. खाल्लेला वेगळा. बाकीचे क्रेट रस्त्याकडेला ओतावे लागले. तेव्हा बायकोने सभेत सांगून टाकलं, की पुढच्या हंगामाला गर काढायचं यंत्र आणलं नाही तर कंपनी बंद करीन आणि प्रत्येकीचे दोन हजार परत करीन. एकतीस गुणिले दोन हजार, बासष्ट हजार. ते सगळे कंपनीच्या शेडच्या फरशीत गेले होते. म्हणजे परत करायचे ते आमच्या घरातून. हे वाक्य ती माझ्याकडे न बघता बोलली.

यंत्र तीन लाख पंच्याऐंशी हजार, दोन डीप फ्रीजर एक लाख दहा, विजेची जोडणी पासष्ट, डबे आणि किरकोळ चाळीस. बेरीज बरोबर सहा लाख. यंत्रवाल्याने सांगितलं होतं, अक्षय तृतीयेपर्यंत पैसे आले तर यंत्र श्रावणात, नाहीतर दिवाळीनंतर. दिवाळीनंतर आमच्याकडे सीताफळाच्या फक्त बिया असतात.

काकूचा जावई माझ्या चुलत बहिणीचा नवरा, म्हणून आम्ही त्यांना दाजी म्हणतो. ते अंबाजोगाईचे. पुण्याजवळ त्यांचा प्लास्टिकचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. पैसा झाल्यावर काही लोक देऊळ बांधतात, काही निवडणुकीला उभे राहतात. दाजींनी ठरवलं, की गावोगावच्या छोट्या धंद्यांत पैसे घालायचे. लोकांचं भलं व्हावं आणि पैसेही फिरून परत यावेत. “मी दान करत नाही,” ते म्हणाले. “दानानं माणूस बसून राहतो. मी गुंतवणूक करतो.” अटी सोप्या होत्या. त्यांच्या कंपनीकडून आमच्या कंपनीला सहा लाख, तारण नाही, दोन वर्षं काही द्यायचं नाही, तिसऱ्या वर्षापासून चार टक्के व्याज आणि हप्त्याहप्त्याने मुद्दल. मी करार तीनदा वाचला. खोट सापडली नाही, याची मला जरा काळजीच वाटली.

सहीला दोन्ही संचालक लागतात. बायकोने सही केली. काकूने पेन हातात घेतलं नाही.

काकू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि माझ्यामार्फत बोलत होती. दाजी तिच्यापासून चार फुटांवर होते.

“जावईबापूंना म्हणावं, पैसे घ्यायचे न्हाईत.”

“घ्यायचे नाहीत म्हणते,” मी दाजींना म्हणालो.

“ऐकलं मी. पण कावून घ्यायचे न्हाईत?” दाजींची पुण्याची भाषा तिथेच सुटली.

“लेकीच्या घरचं पानी पितानासुदिक इचार करतो आपुन,” काकू भिंतीला म्हणाली. “अन् हे सहा लाख. उद्या गाव म्हनंल, म्हातारी जावयाच्या जिवावर बसली.”

“पैसे माझे नाहीत, कंपनीचे आहेत,” दाजी म्हणाले.

“कंपनी कुनाची हाय, इचार.”

मी विचारलं. दाजी कराराची पानं चाळू लागले.

“आत्याबाई, आपण त्यांना व्याज देणार आहोत,” बायको म्हणाली. काकू तिची चुलत सासू, म्हणून आत्याबाई.

“व्याज द्या की. जावयाला द्यायला मी कवा न्हाई म्हनले? दरसाल द्या. मुद्दल तेवडं घेऊ नका.”

मी हे इतिवृत्तात लिहिलं आणि मग खोडलं. लॅपटॉपवाल्या मुलीजवळ एक तक्ता होता. कंपनीमुळे किती महिलांचं आयुष्य बदललं, असं तिने मला विचारलं. मी म्हणालो, अजून एकीचंही नाही, यंत्र आलेलं नाही. पुढचा रकाना होता, निर्णय महिला घेतात का. तिने एकदा काकूच्या पाठीकडे पाहिलं आणि ‘पूर्णपणे’ असं भरलं.

दाजींनी मग सुचवलं, की पैसे धाकट्या भावाच्या नावाने देतो. काकू म्हणाली, जावयाचा भाऊ म्हंजी दुसरा जावईच. मी सुचवलं, की दाजींनी गर आगाऊ विकत घ्यावा. मग तो सरळ व्यवहार होईल. काकूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेतली शिपायाची खुर्ची विकायला काढली आहे. “जावयाला शिताफळ इकायचं? लाज हाय का तुला?” दाजींना हंगामात दोन क्रेट फुकट पाठवायचं ठरवून ती बैठक संपली. म्हणजे यंत्राच्या बाजूने काही झालं नाही आणि आमच्यावर दोन क्रेट चढले.

दाजी हट्टी आहेत. दर बैठकीला ते स्वतः गाडी घेऊन यायचे. आणि जावई उंबऱ्यात आला की टॉवेल, टोपी, नारळ आणि पुरणाचं जेवण हे ठरलेलं. बैठक कंपनीची, म्हणून खर्च कंपनीचा. लॅपटॉपवालीची ओटी भरली. ड्रायव्हरला टोपी घातली. दुसऱ्या खेपेला दाजींनी पुण्याहून दोघे तज्ज्ञ आणले, त्यांनाही टोप्या घातल्या. तज्ज्ञ त्या घालूनच शेडची मापं घेत होते. तीन खेपांचे मिळून चार हजार दोनशे साठ रुपये झाले. मी ते ‘जावई खर्च’ या नावाखाली लिहिले. तिसऱ्या खेपेला दाजींनी वही मागितली.

“हा जावई खर्च काय आहे?”

“तुम्ही,” मी म्हणालो.

“जाहिरातीपेक्षा जास्त आहे हा.”

“जाहिरात तीनशेची आहे. एकच फलक.”

“हे बंद करा. गुंतवणूकदार म्हणून सांगतोय.”

“जावईबापूंना म्हणावं,” काकू भिंतीला म्हणाली, “तुमचा मान काढायचा आमाला अधिकार न्हाई.” आणि तिने आतून आणखी एक पुरणपोळी पाठवली, वर वाटीभर तूप. गुंतवणूकदार नको म्हणाला. जावयाने ती खाल्ली.

अक्षय तृतीयेला तेरा दिवस उरले होते. बायको दोन दिवसांपासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती, आणि एका सकाळी तिने माझ्या पगाराचं बँकेचं पुस्तक नीट बघून परत ठेवलेलं मी पाहिलं होतं. बासष्ट हजार त्यात नव्हते, हे मला तिच्याआधी माहीत होतं.

त्याच तिसऱ्या बैठकीत लॅपटॉपवालीच्या तोंडून निघून गेलं, की आज सरांचा वाढदिवस आहे. काकू लगेच उठली. ताट आलं, निरांजन आलं, दाजींना पाटावर बसवलं. काकूने खाली बघून ओवाळलं. दाजींनी ताटात पाचशेची नोट टाकली. काकूने ती उचलली आणि कमरेला खोचायला घेतली. बायको नोटेकडे बघत होती.

“आत्याबाई, ही नोट जावयाचीच ना?”

“ही ववाळणी हाय. ताटात पडलेल्याला न्हाई म्हनत न्हाईत.”

“मग पाचशे चालतेत, तर सहा लाख कावून न्हाईत?”

काकू थांबली. नोट अर्धी कमरेत, अर्धी बाहेर.

“ताट मोठं लागंल,” ती म्हणाली.

आता दाजी अडून बसले. ओवाळणी म्हणजे दान, आणि ते दान करत नाहीत. मीही अडून बसलो. कर्जाला मी वहीत ओवाळणी लिहिणार नव्हतो. बायकोने आम्हा दोघांना ओळीने बघितलं.

“पैसे ताटात पडतील. करार आहेरात देऊ, टोपीखाली घालून. आहेर जावयाला घ्यावाच लागतो. पुढचे हप्तेबी आहेर म्हणूनच देऊ, दरसाल. अजून काय?”

अजून काही नव्हतं. ठरावात मी रक्कम कर्ज म्हणूनच दाखवली. रक्कम देण्याची पद्धत या रकान्यात ‘ताटातून’ असं लिहिलं. ते खरंही होतं.

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी कार्यक्रम ठेवला. एकतीसच्या एकतीस बायका आल्या. दाजींनी चेक आणला होता, पण निरांजनाजवळ चेक न्यायला मी साफ नकार दिला. कुंकू सांडलेला किंवा कोपरा जळालेला चेक बँकेत घेऊन जाणारा माणूस मीच असणार होतो. तेव्हा दाजींनी पाटावर बसल्या बसल्या फोनवरून पैसे पाठवले. बायकोच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. मी शून्यं मोजली, बरोबर होती. ताट रिकामं राहायला नको, म्हणून दाजींनी पैसे गेल्याचा मेसेज उघडा ठेवून आपला फोनच सुपारीशेजारी ठेवला.

काकूने ओवाळलं. कपाळाला कुंकू लावलं. बोट पदराला पुसलं, करारावर सही केली, आणि ताट उचलून आत देवापुढे नेलं.

“मेव्हणे,” दाजी हळूच मला म्हणाले, “माझा फोन.”

मी आत गेलो. “काकू, त्यांचा फोन ताटात राहिला.”

“ताटात पडलेलं परत देत न्हाईत. त्यांना म्हणावं, लई केलं. येवडं कशाला करायचं.”

मी बाहेर येऊन निरोप सांगेपर्यंत तीस बायका आपापली ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या. एकीकडून ओवाळून घेतलं आणि बाकीच्यांना सोडलं, असं आमच्याकडे चालत नाही. दाजींच्या खिशात दोनशे रुपये होते. बाकी सगळे फोनमध्ये, आणि फोन देवापुढे.

“एकावन्न धरा,” मी म्हणालो. “तीस गुणिले एकावन्न, पंधराशे तीस.” गव्हाला ठेवलेले पैसे मी काढले आणि एकेक रुपयाच्या नाण्यांसाठी दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने तीस नाण्यांसाठी मला एक साबणाची वडी घ्यायला लावली. मी दाजींच्या मागे उभं राहून एकावन्न, एकावन्न त्यांच्या हातात देत गेलो. सव्वा तास लागला. बाविसाव्या ताटानंतर कुंकवाला कपाळावर जागा उरली नाही, ते नाकावर उतरलं. लॅपटॉपवालीने फोटो काढायचं विचारलं. दाजी नाही म्हणाले. ती म्हणाली, अहवालाला लागतो. मग त्यांनी हसून दाखवलं.

शेवटी काकूने आहेर आणला. टॉवेल, त्यावर टोपी, टोपीखाली सही केलेला करार, आणि सगळ्यात वर तो फोन. “जावयाला रिकाम्या हातानं धाडू न्हाई,” ती भिंतीला म्हणाली. “हा माझ्याकडून.”

दाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तिच्या पाया पडले. एवढ्या महागाचा आहेर गावात आजवर कुठल्या जावयाला झाला नसावा.

त्याच दुपारी यंत्रवाल्याला तीन लाख पंच्याऐंशी हजार दिले. बायकोने त्याच्याकडून श्रावणाची तारीख लिहून घेतली आणि बँकेच्या बाहेर मला उसाचा रस पाजला. दुसऱ्या दिवशी फ्रीजरवाल्याला एक लाख दहा हजार, वीज जोडणीचे पासष्ट हजार. डब्यांचे चाळीस शिल्लक. तीस बायकांना पंधराशे तीस, ते माझ्या हातून. कार्यक्रमाच्याच संध्याकाळी दाजी बीडच्या पुढे गेले असतील, तेव्हा त्यांच्या फोनवरून माझ्याकडे पंधराशे तीस आले. काकू शेजारी गहू निवडत बसली होती, म्हणून मी काही बोललो नाही. पण पैसे ठेवून घेतले, आणि साबणाचे दहा माझ्याकडेच लागले.